यकृत व अंतःस्रावी ग्रंथींच्या अर्बुदांवरील शस्त्रक्रिया

यकृत व अंतःस्रावी ग्रंथींच्या अर्बुदांवरील शस्त्रक्रिया ही शल्यचिकित्सेची दोन वेगळी, परंतु अनेक ठिकाणी एकमेकींना स्पर्श करणारी क्षेत्रे आहेत. यकृताच्या शस्त्रक्रियेत मुख्य प्रश्न असतो तो किती काढायचे याचा नसून किती उरेल याचा. अवटू, परावटू, अधिवृक्क, पोष ग्रंथी व स्वादुपिंडातील अंतःस्रावी पेशीसमूह यांच्या बाबतीत गाठ बहुधा लहान असते. मात्र तिच्यातून रक्तात मिसळणारे संप्रेरक संपूर्ण शरीराचे गणित बिघडवते. त्यामुळे ही ग्रंथी काढण्यापूर्वी रुग्णाच्या रक्तदाबाची, कॅल्शियमची वा साखरेची तयारी करणे हे प्रत्यक्ष शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात या उपचारांची मोठी केंद्रे मुंबईतील परळ परिसरात एकवटली आहेत. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसारख्या शहरांतील रुग्णांचा उपचारमार्गही प्रामुख्याने तेथूनच जातो.

यकृताची रचना व शस्त्रक्रियेचा विकास

प्रौढ व्यक्तीच्या यकृताचे वजन साधारणपणे सव्वा ते दीड किलो असते. त्याला दोन मार्गांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून प्रवेशिका नीलेतून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून येते आणि उरलेले यकृत रोहिणीतून येते. यकृताच्या मारक अर्बुदांचे पोषण मात्र मुख्यतः रोहिणीच्या रक्तावर होते. निदानाच्या व उपचारांच्या अनेक पद्धती याच फरकावर उभ्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत यकृत कापणे म्हणजे रक्तस्रावाने मृत्यू ओढवून घेणे, असाच समज होता आणि तो निराधार नव्हता. १८८८ मध्ये बर्लिन येथील शल्यविशारद कार्ल लांगेनबुख यांनी एका स्त्रीच्या यकृताच्या डाव्या भागातील गाठ यशस्वीपणे काढली. त्यानंतर काही तासांतच रक्तस्रावामुळे तिचे पोट पुन्हा उघडावे लागले. तरीही ती वाचली. १९०८ मध्ये ग्लासगो येथील जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जुडगा बोटांच्या चिमटीत धरून रक्तप्रवाह तात्पुरता थांबवण्याची युक्ती मांडली. साधनांत बदल झाला असला, तरी ही युक्ती आजही त्यांच्याच नावाने वापरली जाते.

खरा बदल घडला तो रचनाशास्त्रामुळे. यकृताचा उजवा व डावा भाग बाहेरून दिसणाऱ्या खाचेवरून ओळखला जात असे. जेम्स कँटली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दाखवून दिले, की खरी विभागणी पित्ताशयापासून अधोमहानीलेपर्यंत जाणाऱ्या एका अदृश्य प्रतलावर होते. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात यकृताचे आठ खंड पाडले. यातील प्रत्येक खंडाला स्वतःचा रक्तपुरवठा व स्वतःची पित्तवाहिनी असते. त्यामुळे बाकीच्या खंडांना धक्का न लावता एखादा खंड वेगळा काढता येतो. पॅरिसमध्ये १९५२ मध्ये जाँ-लुई लोर्ता-जाकोब यांनी रक्तवाहिन्या आधी बांधून यकृताचा संपूर्ण उजवा भाग काढला. खंडांची ही कल्पना हाती आल्यावर ‘गाठ कापून काढणे’ मागे पडले आणि ‘गाठ ज्या खंडात आहे तो खंड काढणे’ सुरू झाले.

कोणती अर्बुदे शस्त्रक्रियेस योग्य

यकृतातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, ही सोनोग्राफीत सहज आढळणारी सौम्य गाठ असून बहुतेक वेळा तिला हातही लावावा लागत नाही. भारतात अमीबाजन्य गळू आणि कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीमुळे होणारे हायडॅटिड पुटक यांचाही विचार करावा लागतो. ताडी पिणाऱ्यांमध्ये अमीबाजन्य गळूचे प्रमाण अधिक असल्याचे निरीक्षण दक्षिण भारत व श्रीलंकेतील वैद्यांनी नोंदवले आहे. ताडाची झाडे व ताडीची दुकाने असलेल्या कोकणच्या उत्तर पट्ट्यातही ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ताप व उजव्या कुशीत दुखणे असलेल्या रुग्णाला ‘यकृतात गाठ’ एवढ्या अहवालावरून कर्करोगाची धास्ती घालणे योग्य नव्हे.

यकृतातच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी यकृतपेशींचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. हिपॅटायटिस बी व सी विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग, मद्यपान, तसेच मधुमेह व स्थूलता यांच्यासोबत येणारे मेदयुक्त यकृत ही त्याची प्रमुख कारणे होत. दमट जागी साठवलेल्या भुईमूग व मक्यावरील बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हेही एक कारण आहे. या विषाचा तीव्र परिणाम भारताने १९७४ मध्ये पाहिला. त्या वर्षी गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने आदिवासी गावांत यकृतदाहाची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. हिपॅटायटिस बीची लस नवजात बालकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाते. एका अर्थी ती कर्करोगाविरुद्धचीही लस आहे.

दुसरा मोठा गट दुय्यम अर्बुदांचा. मोठ्या आतड्याचा कर्करोग रक्तावाटे प्रथम यकृतात पोचतो. पूर्वी अशा रुग्णाला उपचारांपलीकडचा मानत असत. आता यकृतातील गाठी काढता येण्याजोग्या असल्यास केमोथेरपी व शस्त्रक्रिया यांच्या जोडीने अनेक मोठ्या अभ्यासांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आढळले आहे. लहान मुलांत आढळणारा हिपॅटोब्लास्टोमा हा आणखी वेगळा प्रकार असून केमोथेरपीने आकार कमी करून तो काढल्यास बरीच मुले बरी होतात.

निदानासाठी तीन टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. शिरेतून दिलेला रंगद्रव रोहिणीच्या टप्प्यात गाठीत उजळून दिसतो आणि नीलेच्या टप्प्यात तो गाठीतून आजूबाजूच्या यकृताआधी धुऊन निघतो. यकृतसूत्रण असलेल्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल, तर सुई घालून तुकडा न काढताही यकृतपेशींच्या कर्करोगाचे निदान करता येते. सुईच्या मार्गात कर्कपेशी सांडण्याचा लहानसा धोका असल्याने शस्त्रक्रिया शक्य असलेल्या रुग्णात घाईने बायोप्सी करू नये, असा संकेत आहे. एकाच टप्प्यात काढलेला सीटी स्कॅन येथे पुरेसा ठरत नाही आणि मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा काढावा लागतो. रुग्णाचे पैसे आणि आठवडे यांत जातात.

किती यकृत उरेल

निरोगी यकृताचा साठ ते सत्तर टक्के भाग काढला, तरी उरलेला भाग काही आठवड्यांत ते महिन्यांत वाढून गरजेपुरता आकार गाठतो. काढलेला खंड पुन्हा उगवत नाही. उरलेले खंड फुगतात. परंतु ही क्षमता सर्व यकृतांत सारखी नसते. सर्वसाधारणपणे निरोगी यकृताच्या किमान २० टक्के, दीर्घ केमोथेरपी झालेल्या यकृताच्या ३० टक्के आणि सूत्रण झालेल्या यकृताच्या ४० टक्के भाग मागे राहावा, असा हिशेब धरतात. त्याहून कमी भाग उरल्यास शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होऊनही रुग्ण काही दिवसांत यकृत निकामी होऊन दगावू शकतो. कावीळ, जलोदर, रक्तातील बिलिरुबिन व अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ आणि मेंदूवरील परिणाम यांवरून चाइल्ड-प्यू श्रेणी ठरवतात. या श्रेणीत खालच्या पायरीवर असलेल्या रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया देऊ करणे धोक्याचे ठरते.

उरणारा भाग लहान पडणार असेल, तर तो आधीच वाढवून घेण्याची एक चतुर पद्धत आहे. काढावयाच्या बाजूची प्रवेशिका नीला सुईमार्गे बुजवतात. तेथील रक्त दुसऱ्या बाजूकडे वळते आणि चार ते सहा आठवड्यांत ती बाजू वाढते. ती वाढलीच नाही, तर तेही एक उत्तरच असते: ते यकृत मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही, हे पोट उघडण्यापूर्वीच कळते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत यकृतावर ध्वनिलहरींचा शोधक ठेवून गाठीची व रक्तवाहिन्यांची जागा पुन्हा तपासतात. भूलतज्ज्ञ मध्यवर्ती नीलांमधील दाब मुद्दाम कमी ठेवतो, कारण दाब वाढला की कापलेल्या पृष्ठभागातून रक्त झिरपते. लहान व कडेच्या गाठी दुर्बिणीतून काढता येतात. नंतरच्या काळात पित्तगळती, पोटात पू होणे, छातीत पाणी साठणे व यकृताची अपुरी क्षमता या प्रमुख गुंतागुंती संभवतात. अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी आहे. सूत्रण असलेल्या रुग्णांत ते अधिक असते.

सूत्रण झालेल्या यकृतातून गाठ काढली, तरी ज्या जमिनीत ती उगवली ती जमीन तशीच राहते. म्हणूनच यकृतपेशींच्या कर्करोगात पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. रोगट यकृतच बदलणे, म्हणजे प्रत्यारोपण, हा त्यावरील तर्कशुद्ध उपाय होय. १९९६ मध्ये मिलान येथील विन्चेन्झो माझाफेरो व सहकाऱ्यांनी दाखवले, की पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असल्यास प्रत्यारोपणाचे निष्कर्ष चांगले येतात. हे ‘मिलान निकष’ जगभर वापरले जातात. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि यकृताचे यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले. मुंबई परिसरात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. अवयवांचा तुटवडा असल्याने जवळच्या नातेवाइकाने यकृताचा भाग देण्याचे प्रमाण भारतात मोठे आहे. म्हणजेच येथे एका निरोगी माणसावरही मोठी शस्त्रक्रिया होते.

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांसाठी सुईद्वारे उष्णता देऊन गाठ जाळणे किंवा रोहिणीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणे हे पर्याय आहेत. तीन सेंटिमीटरहून लहान गाठीत उष्णतेचा उपाय शस्त्रक्रियेच्या जवळपास जाणारा ठरतो.

अवटू ग्रंथी

गळ्याच्या पुढील भागातील अवटू ग्रंथी, अर्थात थायरॉइड, हिच्यातील गाठी अतिशय सामान्य असून त्यांपैकी बहुसंख्य सौम्य असतात. सोनोग्राफी व बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी यांवर पुढील निर्णय अवलंबून असतो. पुटिकीय, म्हणजे फॉलिक्युलर, प्रकारात मात्र सुईची तपासणी अपुरी पडते. पेशी सौम्य व मारक अशा दोन्ही गाठींत सारख्याच दिसतात. गाठीच्या आवरणात त्या घुसल्या आहेत काय, हे गाठ काढून पाहिल्यावरच कळते. अशा वेळी अर्धी ग्रंथी काढणे हेच निदानही असते आणि उपचारही.

या शस्त्रक्रियेचा पाया स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी घातला. त्यांच्या हातून मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहून खाली आले आणि १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि १८८३ मध्ये आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून पाहिल्यावर त्यांना आढळले होते, की ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली ते मंद, सुजलेले व खुरटलेले झाले आहेत. स्वतःच्या यशस्वी शस्त्रक्रियांचा हा दुष्परिणाम त्यांनी उघडपणे प्रसिद्ध केला. आज संपूर्ण ग्रंथी काढलेला रुग्ण रोज सकाळी अनशापोटी लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेऊन सामान्य जीवन जगतो. ती गोळी मात्र जन्मभर चुकवता येत नाही.

ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या तंत्रिकेला इजा झाल्यास आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या तंत्रिका दुखावल्यास श्वास कोंडतो. शिक्षक, कीर्तनकार, फेरीवाला यांच्यासाठी हा धोका केवळ वैद्यकीय नसतो. अनुभवी हातांत कायमची इजा शेकडा एक-दोन रुग्णांतच होते. दुसरा धोका परावटू ग्रंथींचा रक्तपुरवठा तुटण्याचा. त्यामुळे कॅल्शियम घटते, ओठ व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि हाताला पेटके येतात. ही घट बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर दिसते. ही लक्षणे काय आहेत हे घरच्यांना आधी सांगितलेले असणे म्हणूनच आवश्यक असते.

पॅपिलरी व फॉलिक्युलर कर्करोगांत शस्त्रक्रियेनंतर निवडक रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. उरलेल्या अवटू पेशी ते शोषून घेतात व आतून नष्ट होतात. मेड्युलरी प्रकार आयोडीन शोषत नाही. तो काही कुटुंबांत आनुवंशिक असतो आणि जनुकीय दोष सापडलेल्या लहान मुलांची ग्रंथी रोग होण्यापूर्वीच काढली जाते.

येथे एक गैरसमज नोंदवण्याजोगा आहे. वसई-भाईंदर पट्ट्यात मिठागरे असल्याने येथील खड्याच्या मिठात समुद्रातील आयोडीन असणारच, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात समुद्राच्या मिठात आयोडीन नगण्य असते. ते नंतर मिसळावे लागते. आयोडीनच्या अभावी होणारी गलगंडाची वाढ हा कर्करोग नव्हे. मात्र जुन्या गलगंडात नव्याने वाढणारी टणक गाठ दुर्लक्षित राहण्याची शक्यता असते.

परावटू, अधिवृक्क व इतर ग्रंथी

मसुराच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथींचे वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी प्रथम केले, तेही लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात. माणसातील ग्रंथी स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रोम यांनी १८८० मध्ये दाखवल्या. व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी १९२५ मध्ये हाडे ठिसूळ झालेल्या एका ट्राम वाहकाच्या गळ्यातून परावटूचे अर्बुद काढले आणि हाडांच्या रोगाचे मूळ गळ्यात असू शकते हे सिद्ध झाले. भारतात हा रोग अनेकदा वारंवार होणारे मूतखडे किंवा मोडलेले हाड यांवरूनच उशिरा उघडकीस येतो. पाश्चात्त्य देशांत नेहमीच्या रक्ततपासणीतील वाढलेले कॅल्शियम त्याआधीच त्याची सूचना देते. शस्त्रक्रियेत गाठ काढल्यानंतर दहा मिनिटांनी रक्तातील परावटू संप्रेरक निम्म्याहून खाली उतरले, तर योग्य ग्रंथी निघाली असे समजतात.

अधिवृक्क ग्रंथींतील फिओक्रोमोसायटोमा हे अर्बुद तयारीविना काढणे प्राणघातक ठरू शकते. गाठीला नुसता धक्का लागला, तरी त्यातून ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये सुटून रक्तदाब झपाट्याने चढतो. गाठीची नीला बांधताच तो तितक्याच वेगाने कोसळतो. म्हणून दहा ते चौदा दिवस आधी अल्फा-रोधक औषध, भरपूर मीठ व पाणी देतात. बीटा-रोधक गरज पडल्यास नंतरच देतात. हा क्रम उलटल्यास उलट धोका वाढतो. डोकेदुखी, घाम व धडधड यांचे झटके येणाऱ्या तरुण रुग्णात, तसेच अधिवृक्कावर योगायोगाने सापडलेल्या प्रत्येक गाठीत, सुई घालण्यापूर्वी ही संप्रेरके तपासणे बंधनकारक मानले जाते. १९९२ पासून दुर्बिणीतून अधिवृक्क काढण्याची पद्धत रूढ झाली. कॉर्टिसॉल स्रवणारी गाठ काढल्यावर दुसऱ्या बाजूची ग्रंथी काही काळ निद्रिस्त असल्याने रुग्णाला स्टेरॉइड द्यावे लागते. ते अचानक थांबवणे धोक्याचे असते.

पोष ग्रंथीची अर्बुदे नाकावाटे काढतात. त्यातील प्रोलॅक्टिन स्रवणारी अर्बुदे मात्र बहुधा गोळ्यांनीच आटोक्यात येतात. स्वादुपिंडातील इन्सुलिनोमा हे अर्बुद साखर घटवून भूल, बरळणे व झटके आणते. अशा रुग्णावर अपस्माराचे, क्वचित बाहेरच्या बाधेचेही उपचार वर्षानुवर्षे झालेले आढळतात. १९२९ मध्ये टोरोंटोत रॉस्को ग्रॅहम यांनी असे अर्बुद काढून रुग्ण बरा केला. गाठ बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान असल्याने ती शोधणे हेच खरे काम असते.

यकृतातील अंतःस्रावी अर्बुदे

स्वादुपिंड व आतड्यांतील चेता-अंतःस्रावी अर्बुदे यकृतात पसरतात तेव्हा वर वर्णिलेली दोन्ही क्षेत्रे एकत्र येतात. या गाठी संथ वाढतात. त्यामुळे सर्व गाठी निघत नसल्या, तरी बहुतांश काढून संप्रेरकांचा भार कमी करण्याने रुग्णाला अनेक वर्षांचा आराम मिळू शकतो; इतर कर्करोगांत असे क्वचितच घडते. भूल देताना संप्रेरकांचा लोंढा सुटू नये म्हणून ऑक्ट्रिओटाइड तयार ठेवतात. शस्त्रक्रियेपलीकडील रुग्णांना ल्युटेशियम-१७७ जोडलेले औषध दिले जाते. ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत हे समस्थानिक तयार होते.

वसई-विरार व पालघर जिल्ह्यातील स्थिती

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. सोनोग्राफी, सुईची तपासणी, सीटी स्कॅन व सर्वसाधारण शस्त्रक्रिया शहरातील रुग्णालयांत होतात. यकृताचे मोठे खंड काढणे, प्रत्यारोपण किंवा फिओक्रोमोसायटोमा यांसाठी मुंबई गाठावी लागते.

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला तेथीलच शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव दिले आहे. त्याच्या शेजारी, १९२६ मध्ये सुरू झालेल्या के.ई.एम. रुग्णालयात अंतःस्रावी रोगांचा स्वतंत्र विभाग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र १९६३ पासून याच परिसरात असून तेथे अवटूच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होतात. शस्त्रक्रिया, संप्रेरकांची तपासणी व समस्थानिके चालत जाण्याच्या अंतरावर एकत्र असणे हे देशात फार थोड्या ठिकाणी आढळते.

विरारहून दादर रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर आहे. तपासणीसाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे शक्य असते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील रुग्णाला आधी तालुक्याहून रेल्वे गाठावी लागते. मुंबईत राहण्याची सोय नसलेल्यांना दादर येथील गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेसारख्या संस्थांचा आधार मिळतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपलब्ध आहे. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि तिच्यात कर्करोग शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेखालील मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी लागते. शिधापत्रिका, ओळखपत्र आणि तपासणीचे मूळ अहवाल सोबत नसल्यास त्यात दिवस जातात.

रोज सकाळी घ्यावयाच्या गोळ्या, यकृतासाठी दर काही महिन्यांनी सोनोग्राफी व अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी आणि अवटूसाठी थायरोग्लोब्युलिनची मोजणी हा पाठपुरावा मात्र वसई-विरारमध्येच करता येतो. एक अडचण या मार्गावरच्या रुग्णांना विशेष जाणवते. किरणोत्सारी आयोडीन घेऊन घरी सोडलेल्या रुग्णाला काही दिवस गरोदर स्त्रिया व लहान मुलांपासून अंतर राखण्यास व गर्दीचा प्रवास टाळण्यास सांगितले जाते. विरार लोकलमध्ये हे अंतर मिळणे अशक्य असल्याने अशा दिवशी परतीच्या प्रवासासाठी वेगळ्या वाहनाची सोय आधीच करून ठेवावी लागते.